व्हीपीएनचा दरवाजा कोण राखणार?

कंपनीचा हिशेब, मालाचा साठा आणि ग्राहकांच्या नोंदी एकदा क्लाउडवर गेल्या की व्हीपीएन विकणारे दारात येऊन उभे राहतात. त्यांच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते : लष्करी दर्जाचे २५६ बिट एन्क्रिप्शन. ऐकायला भारदस्त वाटते, पण निवड करताना या ओळीचा काडीचाही उपयोग नाही. तेच एन्क्रिप्शन महागड्या हार्डवेअर पेटीत असते आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही. व्हीपीएनमधून झालेल्या गाजलेल्या घुसखोऱ्या पाहिल्या, तर एन्क्रिप्शन फोडायच्या भानगडीत चोर पडलेलेच दिसत नाहीत.

अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनचेच उदाहरण घ्या. ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरलेली ही वाहिनी पूर्व किनाऱ्याला लागणारे जवळजवळ ४५ टक्के इंधन पुरवते. मे २०२१ मध्ये खंडणीखोर टोळीने कंपनीची संगणकव्यवस्था ओलीस धरली, वाहिनी पाच दिवस बंद राहिली आणि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, मोजले. टोळी आत आली ती एका जुन्या, वापरात नसलेल्या पण बंद न केलेल्या व्हीपीएन खात्यातून. सिनेटपुढे साक्ष देताना कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी पासवर्ड साधासुधा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता, असे आवर्जून सांगितले. असेल! पण त्या खात्याला ओटीपीसारखा दुसरा पडताळा नव्हता. अवघड पासवर्डसुद्धा एकदा चोराच्या हाती लागला की त्याचा अवघडपणा संपतो.

मग दुसरा पक्ष पुढे येतो : नावाजलेल्या कंपनीची पेटी घ्या, निश्चिंत राहा. हा सल्ला तर जास्तच धोक्याचा, कारण तो घेणाऱ्याला झोपवतो. पल्स सिक्युअर हे या धंद्यातले मोठे नाव. तिच्या व्हीपीएनमधील एका गंभीर दोषावर एप्रिल २०१९ मध्ये दुरुस्तीचा पॅच निघाला. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या ट्रॅव्हलेक्सचे सर्व्हर तरीही पॅचविना उघडे होते आणि तसा इशारा तिला त्याच सप्टेंबरमध्ये मिळाला होता. ३१ डिसेंबरला खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कर्मचाऱ्यांवर कागद-पेन घेऊन बसायची वेळ आली. पुढे पल्स सिक्युअर इव्हान्टी कंपनीने विकत घेतली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याच घराण्यातील उत्पादने दोन दिवसांत नेटवर्कवरून काढून टाका, असा आदेश अमेरिकी सायबरसुरक्षा संस्थेला आपल्या सरकारी खात्यांना द्यावा लागला.

फोर्टिनेट या दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या बाबतीत पॅचही पुरला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या सुमारे ८७,००० उपकरणांवरील व्हीपीएन खात्यांचे तपशील उघड झाले. दोष दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झाला होता, पण ज्यांनी पॅच लावून पासवर्ड मात्र तेच ठेवले, त्यांचे कुलूप नवे आणि किल्ली चोराकडेच, अशी गत झाली.

या घटना दाखवून तिसरा पक्ष म्हणतो की व्हीपीएन आता मेला, झीरो ट्रस्ट घ्या. यात तथ्य आहे आणि ते मान्यच करायला हवे. नेटवर्कच्या आत आला म्हणजे विश्वासू, ही समजूत चुकीची असल्याचे विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्येच मांडले. गूगलने ती मोडीत काढून बियॉन्डकॉर्प उभारले. प्रत्येक विनंतीपाशी माणूस आणि यंत्र दोन्ही तपासायचे, अशी त्याची रीत. पण गूगलला त्यासाठी अनेक वर्षे आणि अभियंत्यांची फौज लागली. चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नेटवर्क सांभाळणारा एकच माणूस असतो आणि प्रिंटरची शाईही तोच भरतो. शिवाय कारखान्यातील यंत्रांची माहिती क्लाउडवरील डेटाबेसमध्ये रात्रंदिवस जाते, तिथे लॉगिन करायला माणूसच नसतो. तिथे व्हीपीएनला निवृत्त करण्याची घाई कशाला?

खरा मार्ग यंत्रांची कायमची जोडणी आणि माणसांचा प्रवेश या दोन गरजा वेगळ्या काढण्यात आहे. कार्यालय ते क्लाउड या कायमच्या जोडणीसाठी क्लाउड कंपनीचाच आयपीसेक व्हीपीएन गेटवे बहुतेकांना पुरतो. ॲमेझॉनकडे अशी एक जोडणी बहुतेक विभागांत ताशी ५ सेंटला, म्हणजे महिन्याला सुमारे ३६ डॉलरला पडते. डेटाचे पैसे वेगळे. एका जोडणीत दोन टनेल, म्हणजे सुरक्षित वाटा, येतात. नेहमीच्या टनेलची मर्यादा १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद आहे, लहान-मध्यम उद्योगाला ती क्वचितच अपुरी पडते. खरी अडचण निघते ती पत्त्यांची. कंपनीची दोन कार्यालये असली तर दोन्हींत राउटर जसा आला तसा लावलेला असतो, दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतात आणि जोडणी झाली तरी डेटाचे पाकीट कुठे पाठवायचे ते गेटवेला कळत नाही. खरेदीआधी पत्त्यांचा तक्ता कागदावर मांडला तर हा मनस्ताप टळतो.

घरून काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा. लेखापालाला टॅली हवे असेल तर टॅलीचा सर्व्हरच दिसावा, अख्खे नेटवर्क नव्हे. झीरो ट्रस्टवाल्यांचा मुद्दा इथे स्वीकारावा. वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचे कौतुक होते ते योग्यच आहे : सुमारे ४,००० ओळींचा सुटसुटीत कोड, मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात समावेश. पण ते फक्त किल्ल्या ओळखते. माणूस, ओटीपी, राजीनामा यांपैकी काहीच त्याला कळत नाही. ती व्यवस्था वरून बसवावी लागते. तसेच व्हिडिओ बैठकांची सगळी वाहतूक कंपनीच्या टनेलमधून नेऊ नये. करोनाच्या टाळेबंदीत मायक्रोसॉफ्टनेही ती थेट इंटरनेटवर सोडण्याचाच सल्ला दिला होता.

जाहिरातींनी आणखी एक घोळ घातला आहे. घरगुती व्हीपीएन ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे मिरवतात आणि काही मालक तोच गुण कंपनीसाठी मागतात. भारतात हा गुण कंपनीला अडचणीत आणेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याची अट व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही. पण लॉगमधून सुटका कुणालाच नाही.

म्हणून कोटेशन मागवताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. गंभीर पॅच निघाल्यावर तो किती दिवसांत आणि कोण लावणार? नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी आपोआप बंद होणार का? १८० दिवसांचे लॉग कुठे राहणार? ज्याला यांची सरळ उत्तरे देता येत नाहीत, त्याचे कोटेशन सर्वांत स्वस्त असले तरी परत करावे.