विश्लेषण : गॅस टर्बाइनला चालणे नव्हे, थांबणे का महागात पडते?

देशाची सौरऊर्जा क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारी मुबलक मिळणारी ही वीज सूर्यास्तानंतर मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच मागणी वाढते. ही तूट झटपट भरून काढण्यासाठी वायुविद्युत प्रकल्पांकडे पाहिले जाते. महाराष्ट्रात उरण आणि अंजनवेल येथे असे प्रकल्प आहेत. मात्र ‘हवे तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद’ या वापराचा भार टर्बाइनच्या पात्यांवरील अतिशय पातळ थरावर पडतो.

हा थर कशासाठी?

आधुनिक टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो १,३०० ते १,३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. तरीही पाती टिकतात, कारण त्यांच्या आतून तुलनेने थंड हवा खेळवलेली असते आणि बाहेरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा थर दिलेला असतो. सहसा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असलेला हा थर उष्णता अडवतो. सिरॅमिक धातूला धरून राहावे म्हणून दोहोंमध्ये ॲल्युमिनियमयुक्त ‘बाँड कोट’ असतो.

तापणे-निवणे घातक का?

झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. त्याची बाँड कोटमधील ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन ॲल्युमिनाचा पापुद्रा तयार होतो. सुरुवातीला तो खालच्या धातूचे रक्षणच करतो. पण वापराबरोबर जाड होत जातो. टर्बाइन बंद झाले की धातू जास्त आकसतो, झिर्कोनिया त्याहून कमी आणि ॲल्युमिना सर्वांत कमी. त्यामुळे सर्वाधिक ताण तापताना नव्हे, तर निवताना येतो. प्रत्येक फेरीत बारीक भेगा वाढतात, एकमेकींना मिळतात आणि अखेर थराचा तुकडा निखळतो. भिंतीचा गिलावा आतून सुटतो, वरून धड दिसतो आणि एक दिवस पडतो, तसेच हे. त्यानंतर उघड्या पडलेल्या धातूला थेट आच लागते.

आयुष्य मोजायचे कसे?

एक टर्बाइन महिनाभर अखंड चालले, तर ७२० तासांत एकदाच सुरू होते. रोज सहा तास चालणाऱ्या टर्बाइनला तेवढ्याच तासांसाठी १२० दिवस लागतात आणि ते १२० वेळा सुरू-बंद होते. तास सारखेच, झीज वेगळी. म्हणूनच देखभालीचे वेळापत्रक ठरवताना तासांबरोबर ‘स्टार्ट’ही मोजले जातात. पूर्ण भारावर असताना टर्बाइन अचानक ‘ट्रिप’ झाले, तर ते अनेक साध्या स्टार्टइतके धरले जाते.

उपाय काय?

बोरोस्कोप कॅमेऱ्याने पात्यांची तपासणी करता येते. धातू शाबूत असेल, तर जुना थर काढून नवा देता येतो. टर्बाइन बंद न करता कमी भारावर चालू ठेवल्यास फेऱ्या घटतात. पण इंधन जळतच राहते. बॅटरी आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पांनी संध्याकाळचा काही भार उचलला, तर स्टार्ट कमी होतील. तोपर्यंत संध्याकाळच्या विजेचा दर ठरवताना गॅसच्या किमतीबरोबर प्रत्येक स्टार्टची झीजही धरावी लागेल. अन्यथा तो खर्च दुरुस्तीच्या बिलातून किंवा ऐन मागणीच्या वेळी बंद पडलेल्या संचातून समोर येईल.