सॅक्सोफोन शिकणाऱ्यानें पहिलें पुस्तक कोणतें घ्यावें?

सॅक्सोफोन हातीं आला कीं मुलाच्या मनांत पहिली इच्छा उद्भवते ती जाझ वाजविण्याची. आणि पालकहि दुकानांत जाऊन आयत्या वेळीं स्वररचना करण्यास शिकविणारें सर्वांत जाड पुस्तक घेऊन येतात. माझ्या मतें हा क्रमच उलटा आहे. त्यापायीं पैसा तर जातोच, पण मुलाचा हुरूपहि जातो, आणि तो पुन्हा विकत मिळत नाहीं.

बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनीं १८४६ सालीं पॅरिस येथें या वाद्याचें पेटंट घेतलें. वाद्य पितळेचें असलें तरी तें बोलतें माउथपीसला बांधलेल्या रीडच्या पातळ पत्तीनें. म्हणून ओठांची ठेवण, श्वासाचा पुरवठा व दीर्घ, स्थिर स्वर यांवांचून पुढचें सर्व व्यर्थ होय. पहिलें पुस्तक हेंच शिकविणारें असावें. रुबँकचें प्राथमिक पुस्तक या कामीं पुरेसें आहे. तें रुक्ष आहे, हें मी कबूल करतों. पॉल द व्हिल यांचा १९०८ सालचा ग्रंथ म्हणजे समुद्रच. शिक्षक जवळ असेल तरच त्यांत उतरावें. लॅरी टील यांचें १९६३ सालचें पुस्तक वाजविण्यापेक्षां वाचण्याचें आहे, व तें पालकांनींहि चाळावें.

स्वर स्थिर झाला म्हणजे जाझकडे वळण्यास हरकत नाहीं. जेरी कोकर यांचें १९६४ सालचें पुस्तक लहान व विचारी आहे. तथापि मला अधिक मोल वाटतें तें जेमी एबरसोल्ड यांनीं १९६७ पासून काढलेल्या मालिकेचें. तींत पियानो, बास व ड्रम यांची साथ ध्वनिमुद्रित असते आणि विद्यार्थ्यानें तींत आपला भाग भरावयाचा असतो. आपल्या गवयास रियाजाला तंबोरा व ठेका लागतो, त्यांतलाच हा प्रकार. चूक झाली कीं कान तत्काळ सांगतो; नुसतें छापील पान तें सांगत नाहीं.

चार्ली पार्कर याच्या ६० वादनांचें स्वरलेखन असलेलें 'ऑम्नीबुक' १९७८ सालीं निघालें. उतावीळपणानें मींहि तें घेतलें, पण प्रत आणली बी फ्लॅट वाद्याची, आणि माझें वाद्य आल्टो, म्हणजे ई फ्लॅटचें! ध्वनिमुद्रिकेबरोबर वाजवूं लागलों तों प्रत्येक स्वर निराळ्याच ठिकाणीं पडे. आठवडाभर मीं दोष रीडला दिला. आल्टोवर 'सी' वाजविला तर 'ई फ्लॅट' ऐकूं येतो व टेनरवर 'बी फ्लॅट', हें मुखपृष्ठ नीट वाचलें असतें तरी उमगलें असतें.

योग्य प्रत मिळाली तरी एक धोका उरतोच. खुद्द पार्कर शिकला तो लेस्टर यंग याच्या ध्वनिमुद्रिका ऐकऐकून. विद्यार्थ्यानेंहि आधीं चार ओळी कानानें उतरवाव्या व मग पुस्तकाशीं ताडून पाहाव्या. आपल्याकडेहि भातखंडे यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत छापल्या. पण केवळ त्या वाचून कोणी गवई झाल्याचें ऐकिवांत नाहीं. पुस्तकांची थप्पी पाहून मुलगा पुढें गेला असें समजणाऱ्या पालकांनीं त्याला एकच स्वर दहा सेकंद न हलवितां धरावयास सांगून पाहावें.

माझी ती चुकीची प्रत मीं पुढें टेनर वाजविणाऱ्या एका मित्रास दिली. त्याच्याकडे ती बिनचूक वाजते.