व्याख्यान मांडवात, दप्तर माळ्यावर: इतिहासाच्या परिषदा गावाला काय देतात?

फेब्रुवारी आला की गावोगाव शिवव्याख्यानाचे बॅनर लागतात. मांडव पडतो, साउंड लागतो, वक्ता दीड-दोन तास गर्जतो आणि पोरं मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. अफझलखान, आग्रा, पन्हाळा सगळं येतं. ज्या गावात भाषण चाललंय, त्याचं नाव मात्र सुरुवातीच्या 'पावन भूमी'नंतर पुन्हा येत नाही. तिकडे शहरात, विद्यापीठात स्थानिक इतिहासाची चर्चासत्रं भरतात. तिथं गावाचं नाव निघतं, निबंध वाचले जातात, पण गावातलं कुणी हजर नसतं. जुलै 2025 मध्ये 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 महाराष्ट्रातले. तेव्हापासून या विषयाला गर्दी आणखी वाढली. प्रश्न एवढाच, की या गर्दीतून गावाच्या हाती काय पडतं?

ज्या तारखेला हे मांडव पडतात, ती 19 फेब्रुवारी हीच मुळात एका गावातल्या घरातून आलेली आहे. शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा, असं पूर्वी धरलं जायचं. पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यात कारी नावाचं गाव आहे. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती, म्हणजे वर्षवार टिपून ठेवलेल्या घटना. ती लोकमान्य टिळकांपर्यंत पोचली आणि 1916 मध्ये छापून आली. तिच्यात जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पुढं 'शिवभारत' या त्या काळातल्या ग्रंथातही तीच तिथी मिळाली, आणि राज्य सरकारनंही हीच तारीख धरली. जेध्यांच्या घरानं ते कागद बंबात घातले असते तर आज कदाचित वेगळ्या दिवशी मिरवणूक निघाली असती.

इतिहासाचार्य राजवाडे हे ओळखून होते. सभागृहात बसून बोलण्यापेक्षा ते गावं पालथी घालत हिंडले, कागद गोळा केले आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्यांचे 22 खंड छापले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच कामासाठी. आजच्या परिषदांमधून नेमका हा हिंडण्याचा भाग गळालाय. आधीच छापलेल्या कागदांवर पुन्हा निबंध होतात आणि न वाचलेला कागद माळ्यावरच्या पेटीत तसाच राहतो.

त्याची किंमत 2023 मध्ये साऱ्या राज्यानं पाहिली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तालुक्या-तालुक्यात जुनी दप्तरं उघडली आणि कळलं की नोंद आहे, पण मोडी वाचणारा माणूस नाही. दाखल्यासाठी माणसं मोडी जाणणाऱ्यांच्या दारात रांगा लावू लागली. जी लिपी पणजोबा रोज लिहीत होता, ती वाचायला पणतूला बाहेरगावचा माणूस शोधावा लागला.

बरं, वाचणारा मिळाला तरी घरं कागद काढतात का? सहसा नाही, आणि त्याला कारणं आहेत. वतन-इनामाचा कागद म्हटला की भाऊबंदकी जागी होते. 'सरकार जमीन काढून घेईल' ही भीती असते. आणि अभ्यासाला म्हणून नेलेला कागद परत न आल्याच्या गोष्टी जवळपास प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. हा अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही, अनुभवातून आलाय. परिषदा भरवणाऱ्यांनी आधी यावर बोलायला हवं.

तरीही एक गोष्ट घरांनी ध्यानात घ्यावी. जुना कागद एका घराण्याचा नसतो. महजर बघा. वतनाचं भांडण लागलं की गोतसभा बसायची, निवाडा व्हायचा आणि खाली साक्षी पडायच्या. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची खूण काढायचा: पाटलाचा नांगर, महाजनाची तागडी, सुताराचं किकरं. एका कागदावर अख्खं गाव भेटतं. मांडवातल्या भाषणात ही माणसं कधी येत नाहीत.

मोडी अक्षर ओळखता आलं म्हणजे कागद वाचता आला, असंही नाही. सालाचंच घ्या. 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. हे अरबी आकडे आहेत: दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन 1172. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1771-72 येतं. असं दहा मिनिटं फळ्यावर दाखवलं तर पोरं आरोळ्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवतील.

दगडांची गत कागदांहून वाईट. मंदिराचा जीर्णोद्धार निघतो आणि वीरगळ एकतर ऑइलपेंटखाली जातो नाहीतर पायात गाडला जातो. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाईही, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. गाई वळवून नेणाऱ्यांशी लढता लढता पडलेला तो गावचाच कुणी असू शकतो. गधेगळीचं तर बघायलाच नको. बाई आणि गाढव कोरलेलं पाहून लोक लाजतात, दगड उलटा टाकतात. खरं तर तो दानाचा दस्त आहे. दिलेलं दान जो मोडेल त्याला ती शिवी आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख याच जातीचा, आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो गणला जातो.

म्हणून पुढच्या वेळी वर्गणी मागायला मंडळ आलं की वक्ता किती मोठा, याआधी दुसरंच विचारावं. तो गावात सकाळी येणार का? दुपारी देवळात बसून लोकांनी आणलेले कागद बघणार का? फोटो मालकासमोर काढायचे, मूळ कागद त्याच दिवशी घरी परत, आणि वाचलेल्या मजकुराची एक प्रत ग्रामपंचायतीत. एवढं कबूल करणारा अभ्यासक साध्या आवाजात बोलला तरी चालेल. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे छोटे वर्ग घेतो. गावातली दोन पोरं तिथं पाठवायला एका रात्रीच्या साउंडइतकाही खर्च येणार नाही.

तोवर घरच्यांनी जुन्या कागदाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सुती कापडात सैल गुंडाळून ओल नसलेल्या जागी ठेवावा आणि मोबाइलवर सावलीत, उजेड बाजूनं येईल असा, पाठपोट फोटो काढावा. पाठीमागच्या बाजूला बऱ्याचदा शिक्का असतो.