तीन दातांचे बिल



आमच्या वसाहतीतील एक ताई गेल्या वर्षी रिक्षा उलटून तोंडावर पडल्या. दोन दिवस रुग्णालयात होत्या. वरचा पुढचा दात मुळापाशी मोडला होता. घरी आल्यावर दंतवैद्यांनी तो काढला आणि जखम भरल्यावर ब्रिज बसवला. विमा कंपनीकडे कागद पाठवले, ते नामंजुरीच्या पत्रासह परत आले. ताई ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या, कारण कचेरीत बिले तपासण्यातच माझी वीस वर्षे गेली आहेत.

"भाऊ, हप्ता तर मी एकदाही चुकवला नाही!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

मी बिल पाहिले. एकच ओळ होती : 'दातांचे काम, रु. १७,३००.' कोणता दात, कोणते काम, काही नाही. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर 'चेहऱ्यास मार' एवढेच. अपघाताचा आणि दाताचा संबंध कंपनीने कशावरून मानावा?

ब्रिज म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला नकली दात त्या कॅपना जोडलेला असतो. म्हणजे दात गेला एक, पण बिल तीन नगांचे. हे बिलात फोड करून लिहिले नाही, तर तपासणाऱ्याला शंका येणारच.

दंतवैद्य प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक देतात. पहिला आकडा जबड्याच्या भागाचा : रुग्णाची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. ताईंचा गेलेला दात ११ आणि आधाराचे दात १२ व २१. तेव्हा बिलात तीन ओळी हव्यात : १२ वर आधाराची कॅप, ११ च्या जागी नकली दात, २१ वर आधाराची कॅप. प्रत्येकीपुढे दर आणि कॅप कशाची आहे तेही लिहावे.

आपली कितीतरी मुले-मुली पुण्या-मुंबईत रात्रपाळी करून अमेरिकेतील दवाखान्यांची बिले तयार करतात. त्यांना विचारा. तिकडे ब्रिजच्या आधाराच्या कॅपला एक संकेतांक, मधल्या दाताला दुसरा आणि सुट्या कॅपला तिसराच. चुकीचा संकेतांक टाकला की बिल परत!

आम्ही दोघे दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी आपल्या नोंदवहीवरून फोड करून बिल दिले. रुग्णालयाकडे केसपेपरची प्रत लेखी मागितली. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी २००२ चा नियम आहे. केसपेपरवर पहिल्याच दिवशी 'वरचा पुढचा दात मोडला' अशी नोंद सापडली. पुरावा मिळाला!

दात काढण्याचे व एक्स-रेचे २,३०० रुपये मंजूर झाले. ब्रिजचे १५,००० मात्र गेले. घरी आल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंतच मिळेल, अशी पॉलिसीत अट होती आणि ब्रिज बसला ८४ व्या दिवशी. जखम भरायला वेळ लागतो, पण मुदत त्यासाठी थांबत नाही. २०२० पासूनच्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीतही ही मुदत ६० दिवसांचीच आहे. एकाने सल्ला दिला, "तारीख मागची टाकून घ्या." ताईंनीच नकार दिला. बरे केले. खोटी तारीख उघडकीस आली, तर पॉलिसीच जाण्याची भीती.

म्हणून वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

१) बहुतेक आरोग्य पॉलिसी दवाखान्यात बसल्या-बसल्या केलेल्या दातांच्या कामाचे पैसे देत नाहीत. अपघात, रुग्णालयात दाखल होणे व मुदत, या तीन अटी आधी वाचा. कृत्रिम दात वगळले आहेत काय, तेही पाहा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

२) रुग्णालयातून निघण्यापूर्वी दाताची इजा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

३) दात घासण्यापूर्वीचा एक्स-रे जपून ठेवा. दात एकदा घासला की मूळ स्थिती पुन्हा दाखवता येत नाही.

४) बिलावर आपले पूर्ण नाव, तारीख, दंतवैद्यांची सही, शिक्का व दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. खर्चाचा अंदाज म्हणजे बिल नव्हे. पैसे भरल्याची पावती वेगळी घ्या.

५) मूळ कागद देण्यापूर्वी झेरॉक्स काढा आणि पोच घ्या.

नामंजुरीचे पत्र आले म्हणून खचू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

ताई आता पुन्हा मोकळेपणाने हसतात. त्या १५,००० चे हप्ते मात्र अजून फिटायचे आहेत. तुमच्या घरात पॉलिसी असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर ती काढा आणि मोठ्याने वाचा. अडेल तेथे पेन्सिलीने खूण करा आणि ती घेऊन कंपनीत जाऊन विचारा.