कललेल्या दख्खनचा हिशेब

लोणावळ्याला नागफणीच्या कड्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचे तोंड कोकणाकडे असते. खाली खोल दरी, समोर ढग, हातात भाजलेले कणीस. पाठ फिरवून पूर्वेकडे कोणी पाहत नाही आणि खरी गंमत तिकडेच आहे. जवळच्या कुरवंडे गावाच्या शिवारात इंद्रायणी उगम पावते. नदीचा उगम म्हटला की डोंगराच्या कपारीतली अरुंद घळ डोळ्यांसमोर येते. इथे मात्र ओढ्याएवढी धार आणि तिच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस, सपाट खोरे. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा, तसे.

एवढ्याशा धारेने एवढे खोरे कोरले कसे? भूरूपांचे अभ्यासक म्हणतात, कोरलेच नाही. हे खोरे एके काळी आणखी पश्चिमेपर्यंत पसरलेले होते. सह्याद्रीची कड झिजत झिजत पूर्वेकडे सरकली, उल्हास नदीच्या शीर्षप्रवाहांनी खालून कडा पोखरला आणि इंद्रायणीचा वरचा भाग हवेत नाहीसा झाला. देहू-आळंदीला वारकरी जिच्यात स्नान करतात, ती नदी डोके उडवलेली नदी आहे. भूगोलाच्या पुस्तकात नदीचौर्य नावाचे प्रकरण असते. त्यातली चोर आणि सावकार दोघीही पुणे-मुंबई रेल्वेच्या खिडकीतून दिसतात, हे मात्र पुस्तक सांगत नाही.

महाराष्ट्रात पाण्यावरून भांडणे टीएमसीत होतात. नाशिक विरुद्ध मराठवाडा, कृष्णा खोरे विरुद्ध कोकण, आपण विरुद्ध कर्नाटक. या भांडणांत लवाद असतात, समित्या असतात, आमदारांची शिष्टमंडळे असतात. ज्या जमिनीवरून पाणी वाहते, तिचा कल कोणत्या बाजूला आहे आणि तो कसा आला, हा मुद्दा मात्र टेबलावर क्वचितच येतो. नदी म्हणजे नळ, हवा तिकडे वळवावा, अशा थाटात नकाशे रंगवले जातात.

हा कल आला कुठून, ते पाहायला बरेच मागे जावे लागते. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर दिसणारा काळा पाषाण तयार झाला. पश्चिमेला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेला नागपूरपर्यंत जाता जाता ते विरतात. पुढच्या काही दशलक्ष वर्षांत भारताचा पश्चिम काठ फाटला. आज हिंदी महासागरात दूरवर असलेली सेशेल्सची बेटे आपल्यापासून सुटली आणि मधे अरबी समुद्र रुंदावत गेला. मुंबई-पनवेल परिसरात लाव्हाचे थर समुद्राच्या दिशेने झुकलेले आढळतात. घाटमाथ्यावर तेच थर जवळजवळ आडवे, बांधकामातल्या घडीव दगडांसारखे बसलेले आहेत. फाटलेल्या काठाची ही दुमड.

क्लिफ ऑलियर आणि के. बी. पोवार या दोघा अभ्यासकांनी 1985 मध्ये लिहिलेल्या निबंधाने सह्याद्रीकडे पर्वतरांग म्हणून नव्हे, तर मागे हटत आलेला महाकडा म्हणून पाहायला लावले. कोकणातून वर पाहिले तर सह्याद्री डोंगर दिसतो. जुन्नर किंवा मावळातून चालत गेले तर डोंगर येतच नाही, जमीन एकदम संपते. नाणेघाट चढून आलेल्याला ही गोष्ट पायांनी कळलेली असते.

कडा मागे हटला, पण तो खुजा का झाला नाही? होडीत पोती भरलेली असली की ती पाण्यात खोल बसते. एका बाजूची पोती उतरवली की ती बाजू वर येते. कोकणच्या पट्ट्यावरचा अब्जावधी टन खडक पावसाने आणि नद्यांनी खरवडून समुद्रात नेला आणि ओझे कमी झालेला पश्चिम काठ वर उचलला गेला. लाव्हाच्या वेळी खालच्या उष्णतेने आलेला फुगवटाही त्यात मोजावा लागतो. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. परिणामाबद्दल वाद नाही. दख्खनचे पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला उतरते झाले.

म्हणून त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघालेल्या गोदावरीला समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असूनही ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला उडी घेते आणि जेमतेम दीडशे किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्या एकाच गोमुखातून येतात अशी श्रद्धा आहे. त्यातल्या कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेच्या, सावित्री आणि गायत्री पश्चिमेच्या. देवळाच्या अंगणातूनच दोन समुद्रांची वाटणी सुरू होते.

पावसाचीही वाटणी याच कड्याने केली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेची वाट पाहावी लागते. माणच्या दुष्काळाची फाइल जलसंपदा खात्यात असली, तरी त्या दुष्काळाची पायाभरणी सेशेल्स सुटले तेव्हाच झाली होती.

कोयनेचे मात्र वेगळे. ती महाबळेश्वरहून निघून पूर्वेला न जाता सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला, कड्याला समांतर धावते. हेळवाकजवळ ती काटकोनात वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. एवढी सरळ नदी आणि एवढे अचानक वळण दिसले की भूवैज्ञानिकाच्या मनात पहिली शंका खडकातल्या भेगांची येते. ती शंका 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे खरी ठरली. 1962 पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला होता, तेव्हापासून लहान धक्के सुरू झाले होते. त्या पहाटेचा धक्का 6.3 तीव्रतेचा होता. कोयनानगर कोसळले, सुमारे 180 माणसे गेली. धरणाच्या पाण्याने चेतवलेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून तो आजही ओळखला जातो. दख्खनचे पठार म्हणजे अढळ खडक, हा शाळेत शिकवलेला समज तिथे मोडला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपाने तो दुसऱ्यांदा, कितीतरी अधिक किंमत घेऊन मोडला.

कोयनेच्या धक्क्यांचा अभ्यास कराडच्या केंद्रीय प्रयोगशाळेत सुरू आहे. तिने 2017 मध्ये पाटण तालुक्यात तीन किलोमीटर खोल विवर खोदले, तेव्हा काळ्या पाषाणाची सुमारे सव्वा किलोमीटरची चादर ओलांडल्यावर थेट जुना ग्रॅनाइट लागला. भूकंप त्या ग्रॅनाइटमध्ये जन्म घेतात. नदीचे वळण वर दिसते, त्याची कारणे तिथे खाली आहेत.

आता पैशाची गोष्ट. कड्याची उंची हे महाराष्ट्राचे भांडवल आहे हे टाटांनी फार आधी ओळखले. खोपोलीचे वीजकेंद्र 1915 मध्ये, भिवपुरीचे 1922 मध्ये, भिऱ्याचे 1927 मध्ये सुरू झाले. पूर्वेला जाणारे पाणी घाटमाथ्यावर अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला खाली सोडायचे आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली याविरुद्ध 1921 ते 1924 लढा दिला आणि तो हरला. कोयनेने हाच नमुना आणखी मोठा केला. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी पोफळी आणि अलोरेच्या वीजघरांतून उतरते, वाशिष्ठीत जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. चारही टप्पे मिळून 1,920 मेगावॉटची क्षमता. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेच्या या पश्चिमेकडच्या वळवणीला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे.

दुसऱ्या बाजूला, गेली अनेक वर्षे कोकणातले समुद्रात ‘वाया’ जाणारे पाणी उपसून गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात नेण्याचे प्रस्ताव फिरत आहेत. दमणगंगा-वैतरणा-गोदावरी, दमणगंगा-एकदरे-गोदावरी ही त्यांतली काही नावे. मराठवाड्याची तहान खरी आहे, तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण गणित करून पाहावे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर पाणी. एवढे पाणी पाचशे मीटर वर चढवायचे तर, पंप आणि वाहिनीतली तूट शून्य धरली तरी, सुमारे 3.86 कोटी युनिट वीज लागते. शून्य तुटीचा पंप जगात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून बराच मोठा येणार. उंची कमी निवडली तर वीज कमी लागेल, पण हाती येणारे पाणीही कमी होईल, कारण घाटमाथ्याजवळ नदी लहानच असते. हा खर्च एकदा नाही, दरवर्षी, जमिनीचा कल आहे तोवर.

एका घाटातून पूर्वेचे पाणी खाली सोडून वीज करायची आणि दुसऱ्या घाटातून पश्चिमेचे पाणी वीज जाळून वर न्यायचे. एकाच राज्याची दोन खाती एकाच उताराशी उलट्या दिशेने व्यवहार करतात आणि दोघांच्या वह्या वेगळ्या! कोयना बंद करा असे म्हणणे सोपे आणि उथळ आहे. संध्याकाळी विजेची मागणी चढते तेव्हा मिनिटांत सुरू होणारी वीज दुसरीकडून सहज मिळत नाही. पण दोन्ही व्यवहार एका ताळेबंदात यायला नकोत काय?

या पूर्वेकडच्या उताराला न जुमानणाऱ्या दोन नद्या राज्याच्या उत्तरेला आहेत. नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहतात, कारण त्या पठाराच्या कलाने नाही, तर खचदरीच्या कलाने चालतात. ही कमजोर रेषा काळ्या पाषाणाहून कितीतरी जुनी आहे. दोन्ही बाजूंच्या भेगांमधली जमीन खचली, मधला सातपुडा उंच राहिला. रेषा अजून पुरती थंड झालेली नाही. 22 मे 1997 ला जबलपूर हादरले ते याच पट्ट्यात. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. नवस फेडायला जाणाऱ्यांना ते देवाचे वाटतात. भूवैज्ञानिकाला ते सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रस्तरभंगाची निशाणी वाटते. दोघांनाही हवे ते मिळते.

खचलेल्या तापी-पूर्णेच्या दरीत नद्यांनी गाळ भरला, काही ठिकाणी शेकडो मीटर जाड. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठमोठे दगडगोटे आणि वाळू साचून बझाडा नावाचा पट्टा तयार झाला. त्याच्यावर पडलेले पाणी चाळणीसारखे खोल झिरपते. रावेर, यावल, चोपडा इथल्या केळीच्या बागा या पाण्यावर उभ्या राहिल्या. खानदेशच्या केळीचे श्रेय मातीला आणि शेतकऱ्याला दिले जाते, ते बरोबरच आहे. तिसरा वाटेकरी जमिनीतली भेग आहे. याच दरीच्या पूर्वेच्या टोकाला, अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात, गाळ बारीक आणि भूजल खारे. तो खारपाणपट्टा. विहीर खणली तर मचूळ पाणी, ओलिताला दिले तर जमीन चोपण होते. एकाच खचदरीत एका टोकाला केळी आणि दुसऱ्या टोकाला टँकर.

केळीच्या पट्ट्यातली पाण्याची पातळी वर्षानुवर्षांच्या उपशाने खोल गेली आहे. तापीचे पाणी या बझाड्यात जिरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने 2025 मध्ये करार केला. तो कागदावर न राहिला, तर जमिनीच्या घडणीचा उपयोग करून घेणारी मोठी योजना ठरेल. तिचा मूळ विचार उताराशी भांडत नाही. जिथे निसर्गानेच चाळणी ठेवली आहे तिथे पाणी ओतायचे, एवढेच त्यात आहे. बझाड्यावर वीटभट्ट्या, प्लॉट आणि सिमेंटची अंगणे पसरू दिली, तर मात्र कराराला अर्थ उरणार नाही.

कड्याचे मागे हटणेही थांबलेले नाही. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 ला इर्शाळवाडी दरडीखाली गेली. प्रत्येक वेळी अतिवृष्टी हे कारण सांगितले गेले. ते खरेच आहे, पण अर्धे. उभा उतार, त्यावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर, आणि मोसमी पाऊस, या तिघांनी मिळूनच सह्याद्री घडला आहे. डोंगर कोसळणे ही त्याची रोजची रीत, मधे आपण राहतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडप्रवण भागांचे नकाशे करते. ते नकाशे वाडीतल्या माणसाला कळतील अशा मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला हवेत. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापण्याची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तर आधी.

पाण्याच्या बाबतीत एक मागणी आजच करता येईल आणि तिला कायदा बदलावा लागत नाही. नदीजोडाच्या प्रत्येक प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर तीन आकडे छापावेत: पाणी किती मीटर चढणार किंवा उतरणार, दर टीएमसीमागे किती युनिट वीज लागणार किंवा मिळणार, आणि तिचे बिल कोण भरणार. विधिमंडळात त्या अहवालावर चर्चा होईल, तेव्हा आपल्या आमदाराला हे तीन आकडे विचारा.