शाखेवरून शाखेवर

हल्लीं बहुतेक घरांत एखादा पुतण्या किंवा सून संगणकाच्या व्यवसायांत असते. आणि पंक्तीस 'चेरी-पिक केलें' असे शब्द कानीं पडले म्हणजे वडील मंडळी फळांचा विचार करूं लागतात. त्या शब्दाचा अर्थ ह्या खेपेस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं 'गिट' नांवाची व्यवस्था रचिली. तींत प्रत्येक फेरफाराची 'कमिट' म्हणून नोंद होते, व एकाच कामाच्या अनेक शाखा एकाच वेळीं वाढूं शकतात. एका शाखेवरील एखादाच फेरफार, बाकीचे तेथेंच ठेवून, दुसरीवर उतरवून घेणें म्हणजे चेरी-पिक. मूळ नोंद जागची हलत नाहीं. तिची नक्कल होते, आणि नकलेस नवी खूण मिळते. कारण खूण केवळ मजकुरावरून नव्हे, तर मागील नोंद कोणती ह्यावरूनही ठरते. ईशावास्य माध्यंदिन व काण्व ह्या दोन्ही शाखांत आहे, परंतु मंत्रांचा क्रम दोहोंत सारखा नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत दुरुस्त्या अशाच उतरविल्या जातात. दुरुस्ती प्रथम मुख्य शाखेंत व्हावी, मगच जुन्या आवृत्तींत यावी, आणि मूळ नोंदीची खूण बरोबर लिहावी, असा तेथील दंडक आहे. नाहीं तर नवी आवृत्ति घेणाराच्या वांट्यास जुनाच दोष पुन्हां येईल. पोथ्या उतरणारांनीं एवढी खूण ठेविली असती, तर प्रक्षेप शोधण्यांत पंडितांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं नसतीं! गिटमध्यें आज्ञेस '-एक्स' हें शेपूट जोडलें कीं मूळ खूण आपोआप लिहिली जाते.

दोन शाखांतील ओळी जुळल्या नाहींत तर गिट थांबतें व माणसास विचारतें. ती अडचण प्रामाणिक होय. खरा घात ओळी जुळल्या असतां होतो. समजा, मुख्य शाखेंत रक्कम रुपयांऐवजीं पैशांत मोजूं लागले, आणि मागाहून एका दुरुस्तीनें मर्यादा १०,००० अशी घातली. ती दुरुस्ती एकटीच जुन्या शाखेवर आणली, तर बिनतक्रार बसते, आणि शंभर रुपयांची मर्यादा दहा हजार रुपयांची होते. गिटनें ओळी ताडून पाहिल्या. अर्थ पाहणें त्याचें काम नव्हे. अशा वेळीं जुन्या शाखेवर १०० हा आंकडा हातानें लिहिणेंच बरें; मात्र तो मूळ नोंदीहून निराळा कां, हें टिपणांत नमूद करावें.