मीटिऑर ३५० की सुपर मीटिऑर ६५०? चिखलीकरांनी दोन लाख जादा मोजावेत का?

सोयाबीनचे पैसे हातात आले की अनेक घरांत नव्या गाडीचा विषय निघतो. क्रूझरची हौस असेल तर प्रश्न हमखास येतो: रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घ्यावी की सुपर मीटिऑर ६५०? माझं मत आधीच सांगतो. चिखलीत राहून गाडी रोज वापरणार असाल, तर ३५० घ्या. का, ते समजून घेऊ.

कागदावरचा फरक

मीटिऑर ३५० मध्ये ३४९ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद २०.२ बीएचपी, टॉर्क २७ न्यूटन मीटर, वजन १९१ किलो. सुपर मीटिऑरमध्ये ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, सुमारे ४६ बीएचपी, ५२.३ न्यूटन मीटर आणि वजन २४१ किलो. म्हणजे वजन ५० किलोंनी जास्त, पण ताकद दुपटीहून अधिक. ताशी १०० च्या पुढे ३५० चं इंजिन दमल्यासारखं वाटतं, ६५० तिथे निवांत असते.

पण ही ताकद वापरायची कुठे?

आपल्या जिल्ह्यातला सर्वात वेगवान रस्ता म्हणजे मेहकर, सिंदखेड राजावरून जाणारा समृद्धी महामार्ग. तिथे दुचाकींना बंदी आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. खामगाव, मेहकर किंवा देऊळगाव राजाकडे जाताना हा वेग ३५० आरामात गाठते. तेवढ्यासाठी जादा २६ बीएचपी लागत नाहीत.

कराने दरी वाढवली

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या गाड्यांवर आधी उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. ३४९ सीसीची गाडी एका सीसीने फायद्यात राहिली. १०० रुपयांच्या मूळ किमतीवर हिशेब करा: लहान गाडी १२८ वरून ११८ रुपयांवर आली, मोठी १३१ वरून १४० वर गेली.

आज शोरूम किंमत ३५० ची दोन लाखांच्या आसपास, तर ६५० ची चार लाखांच्या आसपास आहे. मधले दोन लाख १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,२५० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत परतफेड अडीच लाखांवर जाते. विम्याचा हप्ता आणि पेट्रोलचा खर्चही मोठ्या गाडीचा जास्त.

गतिरोधक विसरू नका

३५० चा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, ६५० चा फक्त १३५ मिमी. मागे माणूस बसवून गावातला उंच गतिरोधक ओलांडताना हा ३५ मिमीचा फरक कळतो. ६५० च्या सीटची उंची ७४० मिमी, म्हणजे ३५० पेक्षा २५ मिमी कमी. पाय टेकायला ते सोयीचं, पण बाजारातल्या गर्दीत किंवा चिखलात २४१ किलो मागे ढकलावे लागतात, तेव्हा उंची कामाला येत नाही.

मग ६५० कोणी घ्यावी?

वर्षातून अनेकदा जोडीने, सामानासह पुणे किंवा गोव्यापर्यंत जाणाऱ्यांनी. घाटात आणि ओव्हरटेक करताना राखीव ताकद सुरक्षितता देते, दोन सिलिंडरमुळे थरथरही कमी जाणवते. मात्र ती घरातली दुसरी गाडी असावी आणि पैसे साठवलेले असावेत.

बुकिंगआधी दोन गोष्टी करा. मागे कोणाला तरी बसवून चाचणी फेरी घ्या. मग इंजिन बंद करून गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा. हौस जरूर करा, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि लांबची सहल वर्षातून एक-दोनदाच होते.